डाएटेटिक्सची इंटर्नशिप आणि इंटर्नचा स्वभाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयाच्या आहार विभागात मी बरीच वर्षं इंटर्न मुलामुलींसोबत काम करते आहे. इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी, ती चालू असताना आणि अर्ध्यावर सोडून द्यावी असं वाटायला लागल्यावर मुलं जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आजार आणि आहाराचं शास्त्र पुस्तकात आहे. इथे भर आहे तो अंगी काय असावं लागतं यावर.

१. आधी हे सांगा, इंटर्न दिवसभर नेमकं करते काय?

दिवस डाएट शीटने सुरू होतो. रात्रीत कोण दाखल झालं, कोणाला घरी सोडलं, कोण ऑपरेशनसाठी एनबीएम आहे, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही, कोणाला लिक्विडवरून सॉफ्टवर आणायचं, हा हिशेब नाश्त्याच्या आत लागतो. मग वॉर्ड. नव्या पेशंटचं वजन, उंची, गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरलं, खाणं किती कमी झालं, याची तपासणी. अनेक रुग्णालयांत ती दाखल झाल्यापासून २४ तासांत करून केस पेपरवर नोंदवावी लागते. दुपारी ट्रे लागताना किचनमध्ये उभं राहायचं, नळीने दिल्या जाणाऱ्या आरटी फीडचं गणित करायचं, संध्याकाळी केस स्टडी लिहायची. ओपीडीची पाळी असेल तर डाएट चार्ट समजावून सांगायचा. खुर्चीत बसून होणारं काम यात फार थोडं आहे, हे मनात धरूनच या.

२. एकच गुण निवडायचा झाला तर कोणता?

परत आलेलं ताट बघायची सवय.

हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. त्यांना 'संवादकौशल्य' किंवा 'आत्मविश्वास' असं उत्तर हवं असतं. पण आपण कागदावर लिहितो ते जेवण आणि पेशंटच्या पोटात जातं ते जेवण यांत अंतर असतं, आणि ते अंतर फक्त परत आलेल्या ताटावर दिसतं. आमच्याकडे एक आजोबा होते. चार्ट अगदी बरोबर होता, भाकरी, भाजी, वरण, दही, सगळं मोजून दिलेलं. वजन मात्र दर आठवड्याला उतरत होतं. वरिष्ठांची चर्चा प्रोटीन पावडरपर्यंत गेली. एका इंटर्न मुलीने सलग तीन दुपारी ताट पाहिलं. वरण-दही संपलेलं, भाकरीला हात लावलेला नाही. तिने आजोबांना विचारलं, तेव्हा कळलं की कवळी गावी राहिली होती आणि सुनेला सांगायचा त्यांना संकोच वाटत होता. त्या दिवसापासून दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात आणि घट्ट वरण सुरू झालं. पावडर लागली नाही.

मधुमेहाच्या पेशंटच्या बाबतीत तर ही सवय जिवाशी निगडित आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन देऊन झालेलं असतं आणि ताट तसंच परत आलेलं असतं. ज्या इंटर्नला ते दिसतं ती लगेच सिस्टरना सांगते. जिला दिसत नाही, तिच्या पेशंटची साखर तासाभरात घसरू शकते.

३. माझे मार्क उत्तम आहेत. मग स्वभावावर एवढा भर कशासाठी?

मार्क लागतातच, त्यात वाद नाही. पण ६० किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात हे माहीत असणं वेगळं आणि समोरच्या ताईंच्या घरी वरण घट्ट असतं की पातळ हे विचारायचं सुचणं वेगळं. साधारण ३० ग्रॅम तूरडाळीत साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. पण त्या डाळीची एक वाटी झाली की पाणी घालून चौघांची आमटी झाली, यावर सगळं गणित फिरतं. आकडा अभ्यासाने येतो. प्रश्न कुतूहलाने सुचतो.

४. मी अबोल आहे. वॉर्डात माझा निभाव लागेल का?

लागेल. मी पाहिलेल्या चांगल्या इंटर्नपैकी बऱ्याच जणी कमी बोलणाऱ्या होत्या. पेशंटला बोलू देणं त्यांना जड जात नाही, आणि माणूस बोलायला लागला की त्याच्या खाण्याची खरी गोष्ट कळते.

मात्र काही वेळा गप्प राहून चालत नाही. चुकीचा ट्रे जाताना दिसला, अ‍ॅलर्जीची नोंद सुटलेली दिसली, एनबीएम पेशंटच्या हातात बिस्किट दिसलं, तर तिथल्या तिथे आवाज काढावा लागतो, मग समोर कोणीही असो. त्यासाठी एक वाक्य तोंडात बसवून ठेवा : "सिस्टर, एक मिनिट, हा ट्रे मी पुन्हा तपासते." आरशासमोर म्हणून पाहिलंत तरी चालेल. पहिल्यांदा आवाज कापतो, चौथ्यांदा कापत नाही.

५. "काय काय खाता?" विचारलं की पेशंट "सगळंच" म्हणतात. पुढे कसं जायचं?

प्रश्न इतका मोठा विचारलात तर उत्तरही तितकंच मोघम येणार. कालच्या दिवसापासून सुरू करा. "आजी, काल सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं?" चहा. किती वाजता? दुधाचा की कोरा? साखर किती चमचे? सोबत काही, बटर, खारी, पोळी? असं एक एक पाऊल टाकत रात्रीपर्यंत या. आजी, काका, मावशी, ताई, दादा, जे वयाला शोभेल ते नातं लावा. नुसतं "पेशंट, सांगा" असं म्हणू नका. शक्य असेल तर बसून विचारा. उभं राहून, पेन हातात घेऊन विचारलं की माणूस शाळेतल्यासारखी बरोबर उत्तरं द्यायला लागतो.

आपल्याकडे बऱ्याच गोष्टी 'खाणं' या सदरात मोजल्याच जात नाहीत. चहा, लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, टीव्हीसमोरचं फरसाण, देवळातला प्रसाद, नातवाने ताटात टाकलेलं. हे वेगळं विचारावं लागतं. दिवसाला सहा कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे साठेक ग्रॅम साखर, २४० कॅलरी, आणि तरी माणूस मनापासून सांगतो की मी गोड खात नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी गोड म्हणजे श्रीखंड किंवा पुरणपोळी. तेलाचंही तसंच आहे. "तेल जास्त खाता का?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी "नाही" असं येतं. "महिन्याला किती किलो आणता आणि घरात माणसं किती?" असं विचारलं की हिशेब आपोआप बाहेर येतो.

ऐकताना चेहरा सांभाळा. वडापाव म्हटल्यावर इंटर्नच्या कपाळावर एक आठी उमटली की पुढची सगळी उत्तरं मुगाची खिचडी होऊन येतात.

६. पेशंटबद्दल जिव्हाळा वाटला की नाही म्हणणं जड जातं. काय करावं?

जिव्हाळा आणि ठामपणा एकत्र नांदू शकतात, पण त्यासाठी कारण समजावून सांगायची तयारी लागते.

नेहमीचं उदाहरण घ्या. मूत्रपिंडाच्या पेशंटला बघायला नातेवाईक येतात ते शहाळं घेऊन. आजाऱ्याला शहाळं द्यावं ही आपल्याकडची माया आहे. पण ज्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढलंय, त्याच्यासाठी ते धोक्याचं आहे, कारण भरलेल्या एका शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम सहज असतं आणि आजारी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. "शहाळं बंद" एवढं सांगून निघून गेलात तर तुमची पाठ वळल्यावर ते दिलं जाईल. शेजारी उभं राहून सांगा की एरवी चांगली असलेली ही गोष्ट आत्ता का चालत नाही, याने हृदयाची लय बिघडू शकते, आणि त्यांना काही आणायचंच असेल तर काय आणता येईल. रिकाम्या हाताने आलेला नातेवाईक अस्वस्थ असतो. त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

मिठाचंही असंच. रक्तदाबाच्या पेशंटचा मुलगा अभिमानाने सांगतो की आम्ही सैंधव वापरतो. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. आणि बाजारात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, म्हणजे मूत्रपिंडाच्या पेशंटला ते उलट घातक ठरू शकतं. हे सांगताना त्या मुलाची काळजी खोटी ठरवायची नाही, फक्त तिला योग्य वाट दाखवायची.

७. पेशंटने विचारलं आणि उत्तर माहीत नसलं, तर अज्ञान दिसू नये म्हणून काय बोलावं?

"मला नक्की माहीत नाही, विचारून चार वाजेपर्यंत सांगते." आणि चार वाजता जायचं. हा दुसरा भाग बहुतेक जण गाळतात, खरी किंमत त्याचीच आहे.

अंदाजाने दिलेलं उत्तर किती महाग पडतं ते रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या उदाहरणात दिसतं. कोणीतरी पालेभाजी पूर्ण बंद करायला सांगतं, कारण तिच्यात के जीवनसत्त्व असतं. प्रत्यक्षात गोळीचा डोस पेशंटच्या रोजच्या आहाराला धरून बसवलेला असतो. म्हणून पालेभाजी बंद करायची नसते, तिचं प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवायचं असतं. एकदम बंद केली तर औषधाचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका येतो, एकदम भरपूर सुरू केली तर उलटं होतं. आत्मविश्वासाने दिलेलं अर्धवट उत्तर पेशंट घरी नेतो आणि वर्षभर पाळतो.

८. माझ्या हातून चूक झाली. सांगितली तर इंटर्नशिप जाईल का?

लगेच सांगितलेल्या चुकीमुळे इंटर्नशिप गेलेली मी पाहिलेली नाही. लपवलेली चूक उघड झाल्यावर मात्र विश्वास जातो, आणि मग आम्ही त्या मुलीकडे एकटीने वॉर्ड सोपवत नाही.

मी स्वतः इंटर्न असताना रीनल डाएटचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या पेशंटचा, ट्रे शेजारच्या पेशंटला गेला होता. सकाळी बेड बदलले होते आणि मी बेड नंबरवर विसंबले. वीस मिनिटांनी लक्षात आलं. पाय लटपटत होते, तरी आधी पेशंटपाशी जाऊन काय आणि किती खाल्लं ते पाहिलं, मग सिस्टरना सांगितलं, मग आमच्या मॅडमना, आणि शेवटी रजिस्टरमध्ये लिहिलं. क्रम हाच ठेवा : आधी पेशंट, मग वॉर्ड, मग आपले वरिष्ठ, मग कागद. त्या दिवसापासून मी नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही वाचल्याशिवाय ट्रेवर चिठ्ठी लावत नाही, आणि माझ्या इंटर्नलाही लावू देत नाही.

९. एमएस्सी करून मला भाजीचं वजन करायला किचनमध्ये उभं का करतात?

कारण तुमचा डाएट चार्ट तिथे शिजतो.

दोनशे माणसांच्या वरणातून बिनमिठाचं वरण कधी बाजूला काढायचं, हे आचारी मामांना ठाऊक असतं. फोडणीआधी काढलं तर चव जाते, मीठ घातल्यावर काढलं तर उपयोग नाही. मऊ डाएट म्हणजे नेमकं किती मऊ, खिचडी ट्रॉलीवर अर्धा तास राहिली की किती आळते, गरम अन्न ६० अंशांच्या वर राहावं म्हणून ट्रॉली कोणत्या मजल्यापासून सुरू करायची, हे वर्गात कळत नाही. हाताने तोललेली भाजी आणि पीठ डोळ्यांत बसतं. मग पुढे ओपीडीत पेशंट "दोन पोळ्या" म्हणाला, की ती २५ ग्रॅम पिठाची की ४० ग्रॅमची, हे विचारायची बुद्धी होते.

आणि नातं. जी इंटर्न किचनमधल्या मावशींना नावाने ओळखते, त्यांच्यासोबत चहा पिते, तिने ऐन वेळी सांगितलेली नाचणीची पेज दहा मिनिटांत वर येते. दुसरीला "आता गॅस रिकामा नाही" हे उत्तर मिळतं. यात कोणाचा दुष्टपणा नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला आपली कदर कोण करतं ते कळतं.

१०. सीनिअर मॅडम सगळ्यांसमोर रागावतात. सहन करत राहायचं का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. "हे गणित चुकलंय, पुन्हा कर" हे कितीही तुसड्या आवाजात आलं तरी ते कामाबद्दल आहे. ते वहीत उतरवा, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दाखवा. आठवड्यातून एकदा शांत वेळ बघून "मॅडम, या आठवड्यात माझं कुठे कमी पडलं?" असं आपण होऊन विचारलंत तर सगळ्यांसमोरचं रागावणं बरेचदा कमी होतं.

पण रूपावरून, जातीवरून, घरच्या परिस्थितीवरून बोलणं, खासगी कामं सांगणं, सही अडवून ठेवण्याची धमकी देणं, याला शिकवणं म्हणत नाहीत. तारीख आणि शब्द लिहून ठेवा आणि कॉलेजच्या समन्वयक शिक्षकांना सांगा. सोसत राहणं हा इंटर्नचा गुण नाही.

११. डॉक्टरांची ऑर्डर मला चुकीची वाटते. मी तर नुसती इंटर्न आहे.

तुम्ही ती परस्पर बदलायची नाही आणि परस्पर गिळायचीही नाही. आधी आपल्या वरिष्ठ डाएटिशियनकडे, हातात आकडे घेऊन जा.

समजा, दहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेला, वजन खूप उतरलेला पेशंट दाखल झाला आणि पहिल्याच दिवशी पूर्ण कॅलरीचं फीड लिहिलं गेलं. उपाशी शरीराला अचानक भरपूर कर्बोदकं मिळाली की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊ शकतं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून थोड्यापासून सुरुवात करतात, थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देतात, रक्ताच्या तपासण्या बघत बघत वाढवतात. इथे "ऑर्डर चुकली" असं म्हणण्यापेक्षा "सर, पेशंटने दहा दिवस खाल्लेलं नाही, फॉस्फेटचा रिपोर्ट अजून आलेला नाही, फीड कमीपासून सुरू करूया का?" असं म्हटलं की डॉक्टर ऐकतात. मान राखून, माहितीसह, वेळेत बोलणं हे धैर्यच आहे. वेळेत हा शब्द महत्त्वाचा, फीड सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी शंका काढून उपयोग नाही.

१२. मी शुद्ध शाकाहारी आहे. मांसाहारी पेशंटला सल्ला कसा देऊ?

जसा इतरांना देता तसा. रत्नागिरीच्या माणसाला बांगडा कसा करून खायचा, तळून की कालवणात, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि सांगताना नाक मुरडलं जाता कामा नये. खात नसाल तर हरकत नाही, पण बाजारात जाऊन बघा, किचनमध्ये विचारा, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात हे जसं पाठ आहे तसं मासळीचंही पाठ करा. उलट बाजूही तितकीच खरी आहे. मांसाहारी इंटर्नने जैन पेशंटच्या कांदा, लसूण, बटाटा न खाण्याकडे अडचण म्हणून पाहू नये. तुमची श्रद्धा तुमच्या ताटापुरती, पेशंटची त्याच्या.

१३. मधुमेह असलेल्या आजी एकादशी सोडायला तयार नाहीत. शास्त्र धरू की त्यांचं मन?

इथे लवचीकपणा लागतो, आणि तो शास्त्र सोडून नाही, शास्त्राच्या आधारानेच दाखवता येतो. "या वयात उपवास कशाला?" म्हणालात की संवाद संपला. आजी उपवास करणारच, फक्त तुम्हाला सांगणार नाहीत.

आधी डॉक्टरांना विचारा की या पेशंटने उपवास करणं मुळात सुरक्षित आहे का आणि त्या दिवशी गोळ्या किंवा इन्सुलिन कसं बदलायचं. तो निर्णय आपला नाही. परवानगी मिळाली तर ताट आपलं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणून मोठी खिचडी टाळून थोडी वरई किंवा राजगिऱ्याची भाकरी, सोबत दही किंवा ताक, मूठभर शेंगदाणे, काकडी. दिवसभर पोट रिकामं ठेवून रात्री एकदम फराळ नको, थोडं थोडं वाटून. आणि एक गोष्ट आदल्या दिवशीच ठरवून घ्या. साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर सुरू झाली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि उपवास तिथेच थांबवायचा. "विठ्ठल रागावणार नाही" हे वाक्य आजींनी स्वतः म्हटलं की काम झालं, तुम्ही ते त्यांच्या तोंडी घालू नका. रमजानचे रोजे धरणाऱ्या पेशंटलाही हाच क्रम लागू आहे.

१४. माझं इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

नोंदी, रिपोर्ट, केस प्रेझेंटेशन इंग्रजीत असतात, त्यापुरतं इंग्रजी मेहनतीने येतं. रोज एक केस मोठ्याने वाचा. पेशंटशी बोलण्यात मात्र इंग्रजी माध्यमातल्या मुलीच जास्त अडतात. "कार्ब्ज कमी करा" हे नंदुरबारच्या बाईंना कळत नाही. एकच शब्द गावागणिक बदलतो. कुठे पोळी, कुठे चपाती, कुठे कालवण तर कुठे कोरड्यास, सातारा-सांगलीकडच्या माणसाचं माळवं म्हणजे भाजी, गोव्याच्या पेशंटचं नुस्तें म्हणजे मासळी. वहीच्या मागच्या पानावर हे शब्द लिहीत जा. मुंबईत हिंदी आणि थोडी गुजरातीही कामी येते.

१५. गणिताची भीती वाटते.

बेरीज, गुणाकार आणि टक्केवारीपलीकडे फार काही नाही. १,५०० कॅलरी हव्यात आणि फीड मिलिलिटरला एक कॅलरीचं आहे, तर १,५०० मिली, सहा वेळांत २५० मिली. नळी धुण्याचं पाणी वेगळं मोजायचं. हुशारीपेक्षा दुसऱ्यांदा तपासायची सवय लागते, आणि शेजारच्या इंटर्नकडून तपासून घेण्यात कमीपणा नाही. पदार्थांची मूल्यं पाठ नसतील तर राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते वापरा, त्यात ५२८ भारतीय खाद्यपदार्थ आहेत. मोबाइलवरच्या परदेशी अ‍ॅपचे आकडे आपल्या थालीपीठाला लावू नका.

१६. माझं स्वतःचं वजन जास्त आहे. पेशंट माझं ऐकतील का?

एखादा टोमणा येईल, हे खरं आहे. "मॅडम, आधी तुम्ही करा" असं कोणी म्हटलं तर "मीही प्रयत्न करते आहे, तुमचं काय अडतं ते सांगा" एवढं पुरेसं आहे. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात, त्यामुळे तुमच्या आसपासच्या पुष्कळ लोकांची हीच लढाई चालू आहे. ती आतून माहीत असलेली डाएटिशियन उपदेश कमी करते, असा माझा अनुभव आहे.

याच प्रश्नाच्या आड कधी कधी दुसरा प्रश्न असतो. खाऊन अपराधी वाटणं, उलटी काढणं, दिवसेंदिवस न जेवणं, प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणं. हे तुमच्या बाबतीत होत असेल तर कृपा करून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि विश्वासाच्या एका वरिष्ठांना सांगा. दिवसभर कॅलरी मोजण्याच्या कामाने हा त्रास बळावू शकतो. आधी उपचार घेऊन सहा महिन्यांनी इंटर्नशिप केली तर काही बिघडत नाही.

१७. या क्षेत्रात मुली जास्त. मुलगा म्हणून अवघड जाईल का?

काम तेच आहे. प्रसूती वॉर्डात शिरताना सिस्टरना सोबत घ्या, आत जाण्याआधी आवाज द्या.

१८. रोज भेटणारा पेशंट गेला. मला कामावर यावंसंच वाटत नाही.

कर्करोगाच्या वॉर्डात आणि आयसीयूत हे होतं. ज्या काकांना काल कस्टर्ड आवडलं म्हणून आज पुन्हा सांगून ठेवलं, त्यांचा बेड सकाळी रिकामा दिसतो आणि किचनमधून कस्टर्ड वर आलेलं असतं. रडू येणं ही कमजोरी नाही. स्टाफ रूममध्ये जाऊन रडा, सोबतच्या कोणाला सांगा, आणि त्या दिवशी वरिष्ठांकडून हलकं काम मागून घ्या. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी मागितलंय. दोन आठवड्यांनंतरही झोप, जेवण बिघडलेलंच असेल तर समुपदेशकाकडे जा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अखेरच्या दिवसांत आहाराचं ध्येय बदलतं. तिथे कॅलरी पूर्ण करण्यापेक्षा दोन चमचे आवडीची कढी तोंडाला लावणं मोठं असतं, आणि ती मिळावी म्हणून धडपडणं हेही तुमचंच काम आहे.

१९. नातेवाईक म्हणतात, पेशंटला आजाराचं नाव सांगू नका. डाएट चार्ट तर त्याच्याच हातात द्यायचाय.

हा पेच वरचेवर येतो. निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे, इंटर्नने ते फोडायचं नाही. तसंच पेशंटने थेट विचारलं तर खोटंही बोलायचं नाही. "हे तुमचे डॉक्टर नीट सांगतील, मी त्यांना निरोप देते" म्हणा आणि खरोखर निरोप द्या. चार्टवर आजाराचं नाव न लिहिता "जास्त प्रथिनांचा मऊ आहार" असं लिहिता येतं. नातेवाईकांनी चारचौघांत, कॉरिडॉरमध्ये विचारलं तरी रिपोर्टबद्दल बोलू नका. शेजारच्या बेडचे कान तिकडेच असतात.

२०. वॉर्डातले फोटो टाकले, एखाद्या पावडरचं नाव सुचवलं, तर चालतं का?

पेशंटचा चेहरा, केस पेपर, बेडवरची पाटी यांतलं काहीही दिसेल असा फोटो चालत नाही, चेहरा झाकूनही नाही. सजवलेल्या ट्रेचा फोटोही विचारल्याशिवाय नको. पावडरच्या बाबतीत, कंपनीचा माणूस पेन, डायरी, नमुने देतो तेव्हा सौजन्याने नाही म्हणायला शिका. ज्या घरात महिन्याचा किराणाच ओढाताणीने येतो, तिथे महागडा डबा लिहून देण्याआधी सातूचं पीठ, शेंगदाणे, अंडी, दूध यांनी भागतं का ते बघा. जिथे खरोखर गरज असते तिथे वरिष्ठ ठरवतील.

२१. इंटर्नशिपनंतर आरडी व्हायचंय. आत्तापासून कोणती सवय उपयोगी पडेल?

नोंद ठेवायची. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही १९६३ साली स्थापन झालेली संघटना रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा घेते, आणि तिच्यासाठी इंटर्नशिपचा दाखला लागतो. कोणत्या वॉर्डात किती दिवस काढले, किती केसेस केल्या, याची तारखेनिशी वही ठेवा आणि सही त्या त्या आठवड्यातच घ्या. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञही संलग्न आरोग्य व्यावसायिकांमध्ये आले आहेत, त्यामुळे पुढे नोंदणीसाठीही कागद नीट असलेले बरे. अमेरिकेत जाणार असाल तर तिथली आरडी परीक्षा द्यायला १ जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवी लागते, आणि मान्यताप्राप्त कार्यक्रमातून किमान १,००० तासांचा पर्यवेक्षित सराव असतो. इथली इंटर्नशिप तिथे आपोआप धरली जाईल असं समजू नका.

२२. सगळं मन लावून केलं, तरी रुग्णालय मला मानवत नाही. मी चुकीच्या क्षेत्रात आले का?

लगेच तसं ठरवू नका. पहिले तीन आठवडे जवळपास सगळ्यांनाच असं वाटतं. त्यात वास, गर्दी आणि उभं राहून दुखणारे पाय यांचा वाटा मोठा असतो. किमान दोन वेगवेगळे वॉर्ड आणि एक ओपीडी बघून मग विचार करा.

त्यानंतरही वाटत राहिलं तर आहारशास्त्र रुग्णालयाच्या भिंतींपाशी संपत नाही. अंगणवाडीतल्या कुपोषित मुलांचं काम आहे, शाळेचं मध्यान्ह भोजन आहे, खेळाडूंसोबतचं काम आहे, संशोधन आहे, अन्न उद्योग आहे. माझ्या एका इंटर्नला आयसीयूत गुदमरल्यासारखं व्हायचं. तीच आज मेळघाटात पाड्यापाड्यांवर फिरून बायकांना लेकरांचं खाणं शिकवते, आणि तिच्या वहीत अजूनही पहिल्या रकान्यात 'काय दिलं' आणि दुसऱ्यात 'काय उरलं' असं लिहिलेलं असतं. हाती घेतलेली इंटर्नशिप शक्य असेल तर पूर्ण करा, कारण दाखला सगळीकडे लागतो. शेवटच्या महिन्यासाठी समुदाय पोषणाची पाळी मिळते का, हे समन्वयकांना आजच विचारून ठेवा. त्या जागा लवकर भरतात.